खळ काढलेला पंख

तुम्ही कधी विमानाला हात लावलाय? बसलात का, ते विचारत नाही. नुसता हात. तळवा टेकवून, म्हशीच्या पाठीवर ठेवतो तसा. नाही ना? मग राजश्रीची गोष्ट ऐका, आणि मध्येच उठू नका.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई. कुणी उगाच आवाज चढवला तर मशीन थांबवून आधी त्याचं माप काढते. तिचे वडील धर्मपाल होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर गवत कापायचे, आणि लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची. तिथं माळशिरसच्या एका बागायतदाराचं दोन माणसांचं जुनं विमान असायचं. लाकडी सांगाडा, वर कापड. परदेशात साध्या नोकरदारालाही परवडावं म्हणून कधीकाळी अशी विमानं काढली होती म्हणे. साधा माणूस! इथं कुंपणाच्या आत तसा एकच होता, आणि त्याच्या हातात विळा होता.

एकदा राजश्रीनं पंखाकडे बोट नेलं, तसा मालक ओरडला, "ए पोरी, हात लावू नको!" कापड फाटेल म्हणून ओरडला की आणखी कशासाठी, ते त्याचं त्याला माहीत. धर्मपालनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान राजश्री आजवर विसरलेली नाही.

पुढं मालक वारला. विमान होटगीच्या एका शेडमध्ये पडून राहिलं, पंखांचं कापड उंदरांनी खाल्लं. यंदा मालकाचा पुतण्या उदयसिंह शेड विकायला निघाला. कानावर आलं तशी राजश्री थेट त्याच्यापुढे उभी.

"भंगारात घालू नका. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला द्या. पोरं आत बसतील."

"बाई, हा सांगाडा देऊन मी काय हसं करून घेऊ?"

"कापड चढवते की मी."

उदयसिंहला गंमत वाटली. "एक पंख चढवून दाखवा. ढोलासारखा ताणलेला पाहिजे. जमलं तर विमान तुमचं. नाहीतर महिनाअखेरीला भंगारवाला येतोय."

"शब्द?"

"शब्द."

यंत्रमाग चालवणारा मल्लप्पा तिच्या ओळखीचा. त्यानं पांढरं सुती कापड विणून दिलं. राजश्रीनं गवसणी शिवली, पंखावर चढवली, आतल्या एकेका लाकडी फासळीला मेणाच्या दोऱ्यानं टाके घातले. मग डोप नावाचं उग्र वासाचं रोगण फासलं. त्यानं कापड आवळतं. पण आवळलंच नाही. दुसऱ्या दिवशी रोगणाचे पापुद्रे निघाले आणि पंखाला जुन्या बाजेसारखा झोळ आला.

उदयसिंह आला, त्यानं अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"करू का फोन भंगारवाल्याला?"

"महिना संपलाय का?" राजश्री कडाडली. "संपेपर्यंत या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही!"

शेड त्याची. पण गेला बिचारा.

तिनं एक पापुद्रा उचलून चोळला. बोटांना पिठूळ लागलं. ती तडक मल्लप्पाच्या दारात.

"खळ किती दिलीस रे?"

"विमानाला जातंय म्हणून दोन हात जास्तच दिली की, अक्का! कडक व्हायला नको?"

आधी त्याचा राग आला, मग स्वतःचाच. खळीचं कापड कात्रीखाली सरळ जातं, अंगावर कडक दिसतं. गणवेशाचं कापड धुऊन शिवायला घेतलं तर कारखान्यातला मुकादम घरी पाठवतो. वर्षानुवर्षं हाताला तीच सवय. पण धाग्यात खळ भरलेली असेल तर रोगण मुरणार कुठं?

तिनं सगळे टाके उसवले. भीमजयंतीच्या जेवणाची वस्तीची मोठाली पातेली बाहेर काढली. तिची आई मीनाबाई ओरडली, "आगं, त्यात भात शिजतो! आता इमान शिजवतीस व्हय?"

"शिजवते. बायकांना हाक मार."

बायका आल्या. कापड उकळलं, पाणी ताकासारखं झालं. ओतलं, पुन्हा उकळलं, पाणी निवळशंख होईस्तोवर. मीनाबाईच शेवटी काठी घेऊन ढवळायला बसली. "येवडी खळ तर माज्या लग्नाच्या लुगड्याला बी नव्हती!"

पुन्हा गवसणी, पुन्हा टाके, पुन्हा रोगण. दोऱ्यानं बोटं सोलली, तिनं चिंध्या बांधल्या आणि शिवत राहिली.

महिनाअखेरीला उदयसिंह आला, मागं भंगारवाल्याचा टेम्पो. तो अंगठा पुढं करणार तोच राजश्री म्हणाली, "थांबा. आधी मी."

तिनं पंखावर तळवा हाणला. हलगी कडकडावी तसा आवाज झाला, शेडचे पत्रे घुमले. टेम्पोवाला बघायला खाली उतरला. उदयसिंहनं अंगठा दाबून पाहिला. जाईना. मग तो तिथंच जरा रेंगाळला.

"काका मलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत," तो हळूच म्हणाला.

"मग लावा की आता. अंगठा नको, तळवा टेकवा."

त्यानं टेकवला. टेम्पो रिकामा परत गेला.

विमान आता विहारामागच्या पटांगणात उभं आहे. ते उडणार नाही, हे राजश्रीला तुमच्याआधी ठाऊक आहे. शहाणपण शिकवू नका. दुसरा पंख अजून उघडाच आहे. येत्या रविवारी सकाळी पातेली पुन्हा चुलीवर चढतील. घरात नवं सुती कापड असेल तर आणा, खळ तिथं काढता येईल. नसेल तर नुसते हात आणा. पण लांब उभं राहून फोटो काढू नका. पुढं या, आणि पंखाला हात लावा.