आभाळातून आलेला निरोप

वादळाची सूचना आली त्या संध्याकाळी आमच्या बंदरातल्या बहुतेक होड्या परतल्या होत्या. शेजारच्या सुमनचा नवरा यशवंत मात्र अजून खोल समुद्रात होता. तिथं मोबाइल लागत नाही. सुमन धक्क्यावर उभी राहून लाटांकडे बघत होती, आणि मी तिच्या बाजूला.

इतक्यात मच्छीमार सोसायटीच्या खिडकीतून दामूकाका ओरडले, "सुमन, यशवंतचा निरोप आला गो! वादळाची खबर त्याला मिळाली. होडी खाडीत आणलीय, सगळे सुखरूप आहेत."

"फोन लागत नाही, मग निरोप कसा आला?" सुमननं विचारलं.

"होडीवर ते नवं यंत्र बसवलंय ना, त्यातून. उपग्रहामार्फत."

डोळे पुसत सुमननं वर पाहिलं. ढगांशिवाय काहीच दिसत नव्हतं.

"उपग्रह आपलाच ना हो?" तिनं मला विचारलं.

"आपलाच," मी म्हटलं, आणि माझाच ऊर भरून आला.

अवकाशात यानं सोडून सामान्य माणसाला काय मिळतं, असं लोक विचारतात. विचारावंच. मला मात्र तेव्हापासून सुमनचा वर वळलेला चेहरा आठवतो. कुणीतरी कुठल्याशा प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मान मोडून केलेलं काम त्या संध्याकाळी तिच्या घरी पोचलं होतं.

यशवंत परतल्यावर मासळीच्या लिलावात सुमन साऱ्यांना ऐकवत होती, "आमच्या ह्यांचा निरोप अवकाशातून येतो!"

आणि त्यात तसूभरही अतिशयोक्ती नव्हती.