फाळक्यावरचा बोळा

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. पांढरकवड्याचा धम्मरत्न मिस्त्री ट्रकचा डिझेल पंप सेट केला, की मागच्या फाळक्याला, धुराच्या वाटेवर, कापसाचा पांढरा बोळा बांधायचा. भरला ट्रक चढ चढून आल्यावर बोळा काळा दिसला, तर पंप पुन्हा खोलायचा.

"डिझेल वाढव ना, ताकद येईन," घनश्याम ड्रायव्हर कुरकुरला.

"धूर म्हंजे ताकद नोहे!" मिस्त्री खेकसला. "मांगं लोकायचा कापूस हाय. काळा पडला तर व्यापारी भाव अजून पाडतीन."

संध्याकाळी ट्रक गुरगुरत, पण न थांबता चढून आला. बोळा पांढराच होता. मिस्त्रीने तो अत्तराच्या फायासारखा कानात खोचला आणि घर गाठलं.

त्याच्या बायकोने, नलूने, आधी त्याचा कान पाहिला, मग तव्यावर आणखी एक भाकर टाकली.

"पांढरा हाय. म्हंजे आज अर्ध्यावर नाही उठान, पोटभर जेवान तुम्ही."