आईचा उजवा हात
वहिनीचा आवाज आधी यायचा, मग वहिनी. अकोल्याच्या आमच्या घरी ती बाहेरून आली की फाटकातूनच "आई, आली बरं मी!" अशी हाक मारायची, आणि आतल्या खोलीत आईचा चेहरा खुलायचा. मी महिन्यातून एकदा अमरावतीहून यायचे. माझ्या येण्याने तो चेहरा तसा खुलताना मी कधी पाहिला नाही.

वहिनी बाळापूरची. लग्न होऊन आली आणि वर्षभरात आईच्या गोळ्या, पथ्य, रुसवेफुगवे सगळं तिच्याकडे गेलं. "आई, विहारात चल, मी नेते," असं मी म्हटलं की आई म्हणायची, "राहू दे, सून नेईल. तिले माही चाल माहीत आहे." आई माझी, आणि चाल मात्र हिला माहीत!

आईच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं. दरवर्षी तपासणी असायची. करोनाच्या लसी सुरू झाल्या त्या वर्षी सोनोग्राफीत उजव्या काखेतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. 

डॉक्टरबाईंनी विचारलं, "अलीकडे लस घेतली का? कोणत्या हातावर?"

मी आईकडे बघितलं. उत्तर वहिनीने दिलं.

"मागच्या बुधवारी, उजव्या. डाव्या बाजूचं ऑपरेशन हाय म्हणून मीच सिस्टरले उजव्या हाताले द्या म्हटलं."

"मग ही सूज लसीचीही असू शकते," बाई म्हणाल्या. "लस घेतलेल्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही दिवस फुगतात. स्कॅनवर त्या आजारासारख्याच दिसतात. पण यांचा आजार जुना आहे, तेव्हा दुर्लक्ष करायचं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही राहिल्या, तर सुईने तपासू."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कशाला थांबायचं? उद्याच नागपूरला नेऊ."

"ताई, डॉक्टर थांबा म्हणून राहिले न! काहून उगाच टोचाटोची करता त्याईले?"

सल्ला बरोबरच होता. तो वहिनीच्या तोंडून आला, एवढंच मला सहन होत नव्हतं. आम्ही दोघींनी आईकडे पाहिलं. आईने वहिनीचा हात धरला आणि म्हणाली, "थांबू."

ते आठवडे मी अमरावतीत काढले. रोज फोन करायचे, तो वहिनीच उचलायची. आई सारखी काख चाचपायची, तेव्हा ही ओरडायची, "आई, चाचपल्यानं सुजन उतरते का?" आणि मागून आईचं हसू ऐकू यायचं. त्या हसण्याने मला हायसंही वाटायचं आणि आत कुठेतरी जळायचंही.

दुसऱ्या सोनोग्राफीत गाठी पूर्ववत झालेल्या दिसल्या. आई रडली, वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून. मी शेजारी आईची पर्स धरून उभी होते.

पुढे भावाची नांदेडला बदली झाली. मी माझ्या घरातली उजेडाची खोली आईसाठी रिकामी केली, नवी गादी आणली. आई म्हणाली, "मी सुनेसंगं जातो."

अकोला स्टेशनावर वहिनी डब्यातून उतरून माझ्याजवळ आली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "ताई, तुमच्या आईले नेऊन राहिली मी. राग नका मानू."

ती परत डब्यात चढली. गाडी हलली. खिडकीतून आईने माझ्याकडे बघून हात हलवला, पुष्कळ वेळ हलवला. दुसरा हात वहिनीच्या हातात होता.