नवव्या भागाच्या शेवटच्या अकरा ओळी

माझे सासरे स्वतःबद्दल काहीही ऐकून घेतात. पण ‘अग्निद्वाराचा पहारेकरी’बद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की नाकावर माशी बसू देत नाहीत. बावन्न भागांची ही मालिका चाळीसेक वर्षांपूर्वी दरमहा निघायची. चेटूक, राक्षस, जळते किल्ले, शहाण्णव पानं. शिकलेले लोक ती वर्तमानपत्रात दडवून वाचत आणि चारचौघांत नाकं मुरडत. सासरे ती छापणाऱ्या छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाच्या खिळ्यांतून एकेक अक्षर वेचून ओळी बसवत. लेखकानंतर प्रत्येक भाग पहिल्यांदा वाचला तो त्यांनीच, तोही उलट्या अक्षरांत.

या मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे. तिथे वाद पेटला की शेवटचा शब्द सासऱ्यांचा. त्यांचं नावच ‘प्रमाणप्रत’ पडलंय. लेखकाच्या मजकुरात मी काना-मात्रेचाही फरक केला नाही, हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतानाही ते कानात वाजतं.

यंदा एका कंपनीनं मालिका पडद्यावर आणायचं ठरवलं. सासऱ्यांनी कुणी न विचारता चौदा पानांचं पत्र धाडलं. पहारेकऱ्याचं नाक मोडकंच हवं. देखणा नट घेतलात तर आधी त्याचं नाक मोडा. राक्षस एकदाच दाखवा, रोज दिसला की तो शेजारी वाटायला लागतो. चेटकिणीला दुःखी बालपण चिकटवू नका, काही माणसं नुसतीच वाईट असतात. आणि या गोष्टीची लाज वाटत असेल तर तिला हातच लावू नका. लाजणारा माणूस मध्येच डोळा मारतो आणि भीती तिथेच मरते. मी म्हटलं, कसलं उत्तर येतंय. आठवड्यात सल्लागार म्हणून बोलावणं आलं, आणि त्यांना गाडीतून न्यायचं काम अर्थातच जावईबापूंकडे.

काचेची खोली, भिंतभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर एकेक प्रसंग. दिग्दर्शिका माझ्या बायकोच्या वयाची होती. कोपऱ्यात लेखकाची मुलगी बसली होती, साठीची, निवृत्त मुख्याध्यापिका. वडिलांच्या पश्चात मालिकेचे हक्क तिच्याकडे. मांडीवर एक जाड फाइल होती आणि ती फारशी बोलत नव्हती.

आठ भाग सुखात गेले. नवव्याला ठिणगी पडली. नवव्या भागात चेटकिणीचा किल्ला पेटतो. पहारेकरी निसटतो, पण ज्या आंधळ्या द्वारपालानं त्याला सात वर्षं कोंडून ठेवलं, तो म्हातारा आतच राहतो. पहारेकरी मागे फिरतो, आगीत शिरतो आणि त्याला पाठीवर घेऊन बाहेर येतो. शेवटच्या पानावरच्या अकरा ओळी. मंडळातल्या निम्म्या लोकांना त्या पाठ आहेत, मलाही, नाइलाजानं.

दिग्दर्शिका म्हणाली, हे आम्ही काढतोय. दार बंद होतं, पहारेकरी निघून जातो, बस. सासऱ्यांनी टेबलावर हात आपटला. जसं लिहिलंय तसं करा, नाहीतर माझं नाव काढा, म्हणाले. मूळ हस्तलिखित आज हाताशी असतं तर दाखवलंच असतं.

“आहे,” लेखकाची मुलगी म्हणाली. “बाबा कार्बन घालून लिहायचे.”

तिनं फाइल उघडली आणि निळसर अक्षरांचा शेवटचा कागद सगळ्यांसमोर सरकवला. दार बंद झालं, इथे गोष्ट संपत होती. खाली सही. त्या अकरा ओळी कुठेच नव्हत्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं शांतपणे सांगितलं, की तिचे वडील छापलेलं पुस्तक कधी उघडत नसत, तोवर पुढचा भाग निम्मा झालेला असे. म्हणजे हे छापखान्यात कुणीतरी घुसडलंय. मग तिनं सासऱ्यांना विचारलं, “छापखान्याच्या मालकांनी केलं का हे?”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा टेबलाच्या कडेवर सरकत होता, ओळीत खिळे दाबावेत तसा. सासूबाईंची नजर चुकवून साखर खाल्ली की तो असाच हलतो. मालकांना जाऊन वीस वर्षं झाली होती. एक ‘हो’ म्हटलं असतं तर ओळी गेल्या असत्या, पण नाव राहिलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणा हो, मी मनात म्हणत होतो, म्हणून टाका.

“मालक नाही,” सासरे म्हणाले. “मी.”

मग खाली मान घालून त्यांनी सांगितलं. त्या महिन्यात मजकूर अकरा ओळींनी कमी पडला. खाली जाहिरात यायची होती, ती आली नाही. मालक म्हणाले, रिकाम्या जागेत नक्षी टाक आणि घरी जा.

“नक्षी बसवायला घेतली. पण म्हातारा आत राहिला होता हो. मला घरी जाववेना.”

लेखकाच्या मुलीनं तो निळसर कागद पुन्हा स्वतःकडे ओढला.

“बाबांनी त्याला आत सोडलं होतं,” ती म्हणाली. “ते त्यांचं म्हणणं होतं.”

“हो. आणि मी ते बदललं. चूकच ती.”

“मग काढू या?”

चाळीस वर्षं जगाला ‘जसं लिहिलंय तसं’ सुनावणारा माणूस खुर्ची मागे सारू लागला. मला वाटलं, उठून जातील.

“नका काढू,” ते म्हणाले.

तिनं फाइल बंद केली. शेवटी तिनं अट घातली: प्रसंग राहील, पण हा आपल्या वडिलांचा नाही, जुळाऱ्याचा आहे, असं पडद्यावर आधी दिसायला हवं, सासऱ्यांच्या नावानिशी. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि लिहून दिलं. दिग्दर्शिकेनं तो कागद भिंतीवर नवव्या भागाच्या चिठ्ठीशेजारी चिकटवला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, मंडळाला दुसऱ्याकडून कळायला नको. मला ग्रुपवर लिहायला लावलं. मी दोनदा विचारलं, नक्की ना? पाठवलं. मग एका जुन्या चाहत्याचं उत्तर आलं: काका, चाळीस वर्षं फसवलंत आम्हाला. पाठोपाठ दोघं ग्रुप सोडून गेले.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते सावकाश वाचलं. बरोबर आहे त्यांचं, म्हणाले, आणि फोन मला परत दिला. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. मला त्या माणसाची इतकी माया याआधी कधी आली नव्हती.

“पण म्हातारा बाहेर आला ना?” त्यांनी विचारलं.

“आला, बाबा,” मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.