डाव्या बाजूचा दांडा

सरांच्या कार्यालयात बारा वर्षं नकाशे काढून ती स्वतंत्र झाली, तरी जुन्या सोबत्यांनी ठेवलेलं ‘सरांची सावली’ हे नाव काही सुटलं नाही. सर मोठे वास्तुविशारद. उघडं काँक्रीट, गोल खांब आणि भिंतभर आडव्या खिडक्या दिसल्या की लोक ओळखायचे, हे सरांचं काम.

तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं ते एका दुमजली वाचनालयाचं. त्यात सरांचं काही म्हणजे काही ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं. खांब चौकोनी, खिडक्या उभ्या, भिंती विटांच्या.

“नवऱ्याला सोडून आलेल्या बाईनं चमचेसुद्धा नवे घ्यावेत, तसं चाललंय तुझं,” तिची ताई म्हणाली.

उद्घाटनाआधी सर बघायला येणार असल्याचं कळलं आणि तिची झोप उडाली. एवढं करूनही सरांनी ‘हे तर माझंच’ म्हटलं, तर नक्कल करणारीला दुसरं काम कोण देणार?

सर आले. खांबावरून हात फिरवला, खिडकीतून डोकावले. मग दोन भिंतींमधला जिना भराभर चढून वर गेले. वाचनालयाचे अध्यक्ष धापा टाकत मागोमाग पोचले. सोबत आलेली ताई मात्र पहिल्याच पायरीवर उजव्या हातानं भिंत चाचपत उभी.

“अगं, कशाला धरून चढू? इकडे नुसती भिंत आहे!”

तिनं पाहिलं. धरायचा लाकडी दांडा डावीकडे होता, फक्त डावीकडे. सर डावरे. त्यांच्या प्रत्येक जिन्याला दांडा तिकडेच असायचा आणि नकाशात तो तीच काढायची. स्वतः उजवी असूनही इथंही तिनं तो तिकडेच काढला होता.

वर उभे असलेले सर ठसका लागेपर्यंत हसले. “माझे खांब टाकलेस, खिडक्या टाकल्यास, आणि माझा डावा हात तेवढा ठेवून घेतलास!”

“सर, खरंच लक्षात आलं नाही.”

“माझ्या तरी कुठे आलं होतं? बायको कुरकुरायची, तुमचे जिने चढवत नाहीत म्हणून. मी म्हणायचो, वजन कमी कर.”

अध्यक्षांनी संधी साधली. “म्हणजे सर, इमारत तुमच्याच वळणाची म्हणायची?”

तिनं डावीकडचा दांडा घट्ट धरला.

“छे हो! माझी असती तर एव्हाना छत गळायला लागलं असतं. वाचणाऱ्याच्या पाठीमागून असा उजेड आणणं मला कधी जमलं नाही. ही हिचीच.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच पायरीवर बसली आणि ताईकडे बघून खुळ्यासारखी हसत राहिली. उद्घाटनाआधी सुतारानं उजवीकडेही दांडा बसवला.

पुढं एका दवाखान्याचे नकाशे तिनं आपण होऊन सरांच्या जेवणाच्या टेबलावर पसरले.

“यात माझं काय उचललंस?”

“बाकं. तुमच्या बस स्थानकातली.”

“चांगली होती ना?”

“दिसायला. टेकायला पाठ नव्हती, ती मी लावलीय.”