न मुरलेलं क्रीम

बिबवेवाडीत गाडीच्या चामड्याच्या सीट साफ करून देणारे एक गृहस्थ आहेत. दुकानावर पाटी आहे: "येथे रेक्झिनला हात लावला जात नाही. घरी फडके मारावे." ते गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाहीत, सीटवर बोट फिरवून विचारतात, "यावर जेवता का?" मी रोज समोरून जातो तेव्हा कुणीतरी मान खाली घालून उभं असतंच.

मी जुनी मोटार घेतल्यापासून वडील गावभर सांगत होते, पोराच्या गाडीला चामड्याच्या सीट आहेत. विकणाऱ्यानं मलाही तसंच सांगितलं होतं. परवा वडील आले, तेव्हा त्यांना घेऊन ऐटीत दुकानात गेलो. गृहस्थांनी सीटवर क्रीमचा ठिपका ठेवला. चामड्यात तो मुरतो. इथे तसाच राहिला. म्हणजे रेक्झिन.

"अस्सल हाय न्हवं?" वडिलांनी विचारलं.

गृहस्थांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. "अहो काका, हे काय विचारणं झालं?" म्हणाले, आणि अर्धा तास रेक्झिन मन लावून चोळत बसले.

निघताना मला बाजूला घेतलं. "पुढच्या वेळी वडील बरोबर नसतील, तर आत येऊ नका."