सत्तावीस नंबरची लाइन

हॅलोबाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. बाहेरून आलेला फोन हव्या त्या वॉर्डाला, हव्या त्या डॉक्टरला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. "हॅलो, हॉस्पिटल," हे दोन शब्द त्या अशा म्हणायच्या, की पलीकडे रडत असलेला माणूस रडणं थांबवून नीट बोलायला लागायचा. एरवी राग नाकावर. उर्मटपणे बोलणाऱ्या सर्जनला "थांबा, लाइन बिझी आहे," म्हणून त्या खुशाल ताटकळत ठेवत. लाइन बिझी नाही हे सर्जनलाही कळायचं, पण बोलायची टाप नसायची.

बोर्डावरचे दोन नियम मात्र त्यांनी जन्मात मोडले नाहीत. एक, लाइन जोडली की आपला कान काढून घ्यायचा, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. दुसरा, लाइन काढायची तर आधी सांगायचं, "लाइन काढते हं." न सांगता लाइन तोडणाऱ्या ऑपरेटरला त्या माणसात धरत नसत. अशा एका मुलीला त्यांनी सगळ्यांदेखत असं झापलं होतं, की ती बिचारी पुढे स्वतःच्या घरचा फोन ठेवतानाही परवानगी घ्यायची म्हणे.

सत्तावीस नंबर म्हणजे एक्स-रे विभाग. तिथला टेक्निशियन दुपारी काम ओसरलं की बोर्डावर फोन करायचा आणि विचारायचा, "किती वाजले हो?" त्याच्या मनगटावर घड्याळ असायचं. दोन-चार वेळा वेळ सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुमचं घड्याळ दुरुस्तीला टाकलंय का?" तो म्हणाला, "नाही, घड्याळ चालू आहे. मीच जरा बंद पडलोय." या असल्या बोलण्यावर भाळून बाईंनी त्याच्याशी लग्न केलं. घरातसुद्धा त्यांनी नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नाही. "सत्तावीस, आंघोळीला जा. सत्तावीस, चहा निवतोय." संसार असाच झाला. मूलबाळ नव्हतं.

मूल नव्हतं, पण गोट्या होता. गोट्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. त्याला बाईंनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, नोकरीच्या मुलाखतीसाठी नवऱ्याचा शर्ट उसवून त्याच्या मापाचा करून दिला. आता गोट्याला टक्कल पडलं होतं, चष्मा लागला होता, ऑफिसात चार माणसं त्याला साहेब म्हणत. बाईंच्या लेखी तो गोट्याच, गळ्यातला ताईत.

सत्तावीस गेले तेव्हा घर असं शांत झालं, की बाईंना आपल्याच चमच्याचा आवाज मोठा वाटायला लागला. मग त्यांनी टीव्ही घेतला. पलंगासमोरच्या भिंतीवर दुकानाच्या माणसाने तो चार स्क्रूंनी पक्का केला आणि "नेट तुमचं तुम्ही जोडून घ्या," म्हणून तो चालता झाला. घरात नेटची लाइन नव्हती. बाईंनी गोट्याला फोन लावला.

"ताई, सोपं आहे. तुझ्या फोनचं नेट टीव्हीला द्यायचं. हॉटस्पॉट म्हणतात त्याला. मी येतो संध्याकाळी."

"येऊ नकोस. सांग फक्त. उभा जन्म मी लाइनी जोडल्यात."

आणि त्यांनी जोडलं. आधी फोनमधलं हॉटस्पॉट चालू केलं. फोनने पासवर्ड मागितला, तो त्यांनी 'गोट्या' असा इंग्रजीत लिहिला. फोन म्हणाला, निदान आठ अक्षरं हवीत. एकदा पुरेना म्हणून त्यांनी 'गोट्या' दोनदा लिहिलं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून वायफाय उघडलं. टीव्हीने आजूबाजूला शोधाशोध केली आणि बाईंच्या फोनचं नाव समोर आणलं. रिमोटने एकेक अक्षर टिपत तोच पासवर्ड तिथे घातला. शेवटी टीव्हीने विचारलं, मला नाव काय देताय? बाई जराही थांबल्या नाहीत. त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, सत्तावीस.

त्या दिवसापासून बाईंची दुपार मार्गी लागली. जेवण आटोपलं की हॉटस्पॉट चालू करायचं, टीव्ही लावायचा. फोनवर अक्षरं उमटायची, एक उपकरण जोडलं गेलं, सत्तावीस. बाई पडद्याकडे बघून म्हणायच्या, "बोला." मग जुनी गाणी, विणकामाचे धडे, परक्या देशातल्या आगगाड्यांचे प्रवास, काहीही चालायचं. कुणी ऐकलं असतं तर बाई भ्रमिष्ट झाल्या म्हटलं असतं. त्या भ्रमिष्ट मुळीच नव्हत्या, टीव्ही म्हणजे टीव्हीच हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दुपारी सत्तावीस नंबरवरून कुणीतरी आलं, एवढ्यावर त्यांचा दिवस निभायचा.

मग एक दिवस पडद्यावर उभ्या रेघा आल्या. गोट्या आला, त्याने टीव्ही पुढून मागून बघितला आणि जुन्या चादरीत गुंडाळून मेकॅनिककडे नेला. काही दिवसांनी तो रिकाम्या हाताने परत आला.

"ताई, पॅनल गेलं गं. उघडला तर आत जळका वास. मेकॅनिक म्हणाला, याच्यावर खर्च म्हणजे मूर्खपणा. भंगारात दिला शेवटी."

बाईंना रडू कोसळलं. गोट्या त्यांच्याजवळ पलंगावर बसला, पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याने उसासाही टाकला. "मला कळतं गं ताई," तो म्हणाला. "तो तुझ्यासाठी नुसता टीव्ही नव्हता." एवढं समजून घेणारा भाऊ आपल्याला आहे, या विचाराने बाईंना आणखीच भरून आलं.

त्यानंतर गोट्याने एक टुमणं लावलं. "एकटी कशाला राहतेस? खोल्या सोडून दे. आमच्याकडे ये कायमची." बाई आधी उडवून लावत. स्वतःच्या चुलीवर स्वतःचा हुकूम चालवलेली बाई भावजयीच्या घरात कशी राहणार? पण भिंतीवरची ती चार भोकं दुपारभर समोर दिसायची. पुस्तक घेतलं तर डोळे दुखायचे, झोप घेतली तर रात्र संपायची नाही. हळूहळू बाईंचा विरोध मवाळ झाला. शेजारणीला त्या म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा. जीव टाकतो माझ्यावर." शेजारीण म्हणाली, "जाताय तर जा, पण खोल्या एकदा सोडल्यात की परत मिळायच्या नाहीत, बघा बरं." बाईंनी तिला उडवून लावलं. माझा गोट्या मला रस्त्यावर टाकेल का, असं वर सुनावलंही.

आणि होकार द्यायला म्हणून त्या एका रविवारी दुपारी भावाच्या घरी गेल्या. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. गोट्याचा चेहरा बघत सांगायची होती.

गोट्या बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे वैतागून बसला होता. दाराशेजारच्या खिळ्याला बाईंच्या खोल्यांची दुसरी किल्ली लटकत होती. अडीनडीला असावी म्हणून ती त्यांनीच त्याला देऊन ठेवली होती. भावजय आतल्या खोलीत होती आणि त्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते अलीकडे नेहमीच लोटलेलं असायचं. आधी रंगाच्या वासाने ताईला त्रास होईल म्हणून, मग पसारा फार आहे म्हणून. आपल्याला किती जपतात, असंच बाईंना वाटत आलेलं.

"बरी आलीस ताई. रस्ता खणणाऱ्यांनी सकाळी केबल तोडली, घरात नेट नाही. तुझ्या फोनचं दे ना जरा. एक मेल पाठवायचाय."

बाईंना मनातून बरं वाटलं. साहेबाला आपल्याकडे मागावं लागलं. त्यांनी पर्समधून फोन काढला, हॉटस्पॉट चालू केलं आणि ऐटीत म्हणाल्या, "घे. पासवर्ड तुझंच नाव, दोनदा."

"अजून तोच? तू पण ना ताई!" गोट्या हसत लॅपटॉपवर वाकला.

फोन थरथरला. एक उपकरण जोडलं गेलं.

"लागलं की रे लगेच."

"छे, कुठे? मी अजून टाकतोय पासवर्ड."

बाईंनी फोन जरा लांब धरून बघितला. मग चष्मा लावून बघितला. त्याच क्षणी आतल्या खोलीतून भावजयीचा खुशीतला आवाज आला, "अहो, आलं हो नेट! टीव्ही लागला बघा आपोआप!"

फोनवर लिहिलेलं होतं, सत्तावीस.

बाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर आनंद. वेडा, क्षणाचा, पण आनंदच. आला, असं त्यांना वाटलं. आणि मग त्यांची नजर त्या लोटलेल्या दारावर गेली.

"गोट्या," त्या म्हणाल्या. हॉस्पिटलात वाईट बातमीचा फोन जोडताना लागायचा तो आवाज आपोआप लागला, अगदी शांत. "आत सत्तावीस नंबर कोण आहे रे?"

गोट्याची बोटं कळांवर तशीच राहिली. तो नंबर घरात कुणाला माहीत नव्हता? त्याने आतल्या दाराकडे बघितलं, मग बाईंच्या फोनकडे. चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, ऐक ना. म्हणजे तसं नाही. पॅनल गेलं असंच आधी वाटलं होतं. मग मेकॅनिक म्हणाला, बारीकसा दोष आहे, झाला दुरुस्त. तो इथे लावून बघितला आणि हिला आवडला. मग म्हटलं, तू तर आता इथेच येणार आहेस. टीव्ही तुझ्याआधी आला, एवढंच."

"मी येणार हे माझं ठरायच्या आधी तुझं ठरलं होतं?"

"टीव्ही नसला की तुलाही तिथे करमायचं नाही, असं वाटलं मला. तुझ्या भल्यासाठीच गं."

टीव्हीचं दुःख बाईंना त्या क्षणी फारसं झालंच नाही. त्यांना आठवत होता तो पाठीवरून फिरणारा हात. जळका वास. टाकलेला उसासा. ज्याला आपण बोलायला शिकवलं, त्याने आपल्याशेजारी बसून, आपलं रडणं बघत बघत केसाने गळा कापला, आणि आपण शेजारणीपुढे त्याची आरती ओवाळत होतो. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिच्यामागोमाग डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा त्यांना जास्त राग आला.

"मागितला असतास तर दिला नसता मी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? भांडले असते, चार दिवस बोलले नसते तुझ्याशी. ते चाललं असतं रे. भांडण मिटतं. आता त्या उसाशाचं मी काय करू, सांग."

गोट्याने मान खाली घातली. "चुकलं ताई. काढून देतो मी. आत्ता काढतो."

"राहू दे. तिथे भोकं पडली असतील भिंतीला, उगाच समोर दिसत राहतात."

त्या उठल्या. दाराशी गेल्या. खिळ्यावरची आपली किल्ली काढली आणि मुठीत घेतली. गोट्या अर्धवट उठला.

"ताई, किल्ली कशाला? आणि तू काहीतरी सांगायला आली होतीस ना?"

"आले होते."

त्यांनी चपला घातल्या. हातातल्या फोनवर ते नाव अजून होतं. आतून आगगाडीचा आवाज येत होता, परक्या देशातल्या कुठल्याशा पुलावरून जाणाऱ्या. बाईंनी अंगठा बटणावर ठेवला, पण दाबला नाही. आधी त्या लोटलेल्या दाराकडे तोंड केलं आणि पलीकडच्याला नीट ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"लाइन काढते हं."

मग दाबला. आगगाडी थांबली.

"अहो, गेलं बघा परत!" भावजय आतून ओरडली. "ताईंचं नेट गेलं का?"

बाई जिना उतरू लागल्या होत्या.